ड्रॉइंगच्या मागोमाग चाकण

गुरुवारी सकाळी सांगवीहून निघाले, तेव्हा नवऱ्याने दारातच विचारलं, "दहा बोटं घेऊन चालली आहेस, दहाच परत आणशील ना?" मी हसून दहाही बोटं नाचवून दाखवली.

प्रवास तो केवढा? मोशीवरून चाकण. पण तेवढं अंतर कापायला मला बावीस वर्षं लागली. पिंपरीतल्या एका ऑफिसात मी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढते. स्क्रीनवर काढलेली पिन (दोन भाग जोडणारा छोटा दांडा) लोखंडाची कशी होते, ते एकदा स्वतःच्या हाताने करून बघावं असं फार मनात होतं. पण बावीस वर्षांपूर्वी डिप्लोमाला लेथवर (लोखंड फिरवून कापायचं यंत्र) दोनदा नापास झालेली मी. पुन्हा फजिती करून घ्यायचं धाडस होईना. शेवटी एकदा आमची कामं करणाऱ्या चाकणच्या वर्कशॉपला फोन लावला आणि विचार करायच्या आत बोलून टाकलं. मालक बबनकाका म्हणाले, "गुरुवारी या." गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातला रविवार. कारखाने बंद, मशिनं रिकामी. आमच्या ऑफिसला मात्र सुट्टी रविवारीच, म्हणून मी रजा टाकली.

नाशिक फाट्याला बस मिळाली, चक्क खिडकीही मिळाली. एरवी कंटेनरांनी तुंबलेला रस्ता त्या दिवशी मोकळा होता. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. पलीकडे पत्र्याच्या शेडांमधून अजून कांद्याची वावरं (शेतं) दिसतात, ते पाहून उगाच बरं वाटलं.

चाकणच्या चौकात उतरल्यावर मात्र माझा धीर सुटला. समोर परतीची बस उभी. मी मटकी भेळ घेतली आणि जाऊ की नको करत अख्खी संपवली. तेवढ्यात वडापवाला (माणशी भाडं घेणारा रिक्षावाला) ओरडला, "ओ ताई, एकच सीट हाय, येताय का न्हाई?" त्याला नाही म्हणायची भीड पडली, म्हणून बसले.

बबनकाका सत्तरीचे, काटक. त्यांनी आधी मला बांगड्या उतरवायला लावल्या आणि ओढणी पिशवीत ठेवायला लावली. "मशीन कुणाची वळख ठिवत न्हाई, मॅडम." मग कपाटातून एक ड्रॉइंग काढून समोर लावलं. बघते तर ते माझंच. काकांना ते ठाऊक नव्हतं आणि मीही बोलले नाही.

पहिली पिन मी नको तितकी बारीक केली. दुसरीचंही तेच. "कापल्यालं परत चिकटत न्हाई. दमानं घ्या," काका म्हणाले. तिसरी जमत आली. जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, तो कोपरा तेवढा राहिला. मी तिथे हत्यार सरकवणार, तोच काकांनी मशीन बंद केलं.

"तितं गोलाई ठिवा."

"पण ड्रॉइंगमध्ये टोकदार आहे."

"असंल. टोकदार कोपऱ्यातच पिन मोडती. आमी सात वरसं गोलच करून धाडतोय."

"ऑफिसला कळवलं नाही?"

"दोनदा सांगितलं की. कुणी ऐकलं न्हाई. काढणाऱ्यानं मशीन बघितल्यालं नसंल, त्येला काय बोलायचं?"

माझे कान तापले. गप्प राहून बस गाठता आली असती. एकदा दाराकडे बघितलंही.

"काका, ते ड्रॉइंग मी काढलंय."

काका फडक्याला हात पुसत बाजूला झाले. "व्हय? मग ह्यो कोपरा आता तुमीच करा."

मी दमाने हत्यार सरकवलं आणि कोपरा केला. नखाने चाचपून बघितला, कुठे अडकलं नाही. मी लहान मुलीसारखी ओरडले आणि काका हसले.

परतीच्या बसमध्ये मात्र लाज वाटत होती. चुकेन म्हणून मी लेथपासून लांब राहिले आणि लांब राहूनच इतकी वर्षं चुकत होते. एक म्हातारा माणूस सात वर्षं ते निस्तरत होता. भोसरी यायच्या आत मी काकांना फोन लावला.

"काका, माझ्या बाकीच्या ड्रॉइंगांतही असं काही आहे का?"

पलीकडे कपाट उघडल्याचा, कागद चाळल्याचा आवाज आला.

"पुढल्या बारीला डबा घिऊन या," ते म्हणाले. "अख्खा दिवस जाईल."