घड्याळ तपासायची वही

माझ्या बाबांना बोलता येत नाही, असं आत्या म्हणते. ते खोटं आहे. त्यांना माणसांशी बोलता येत नाही. घड्याळांशी ते तासन्‌तास बोलायचे. एखाद्या मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि "काय झालं रे बाबा तुला, हं, इथे अडलंय होय" असं मायेनं विचारायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. समोर गिऱ्हाईक "किती दिवस लागतील?" म्हणून घसा कोरडा करत उभं असायचं, पण त्याला उत्तर मिळेलच अशी खात्री नसायची.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दाराशी टेबल, टेबलावर चिमटे आणि झाकणाखाली उघडी पडलेली घड्याळं. भिंतीवर तेवीस घड्याळं, आणि तेविसांत एकच वेळ, कारण त्यातलं एखादं मिनिटभर मागे पडलं तर बाबांना घास गोड लागत नसे. मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी पाच वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून वेणी घालण्यापासून दप्तराचा बंद शिवण्यापर्यंत सगळं बाबांनीच केलं. वेणी इतकी घट्ट घालायचे की दिवसभर मी कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. बोलायचं म्हणाल तर "जेवलीस?" आणि "झोप आता", एवढ्यावर आमचं भागायचं.

मी आठ वर्षांची असताना कुणीतरी एक स्टॉपवॉच दुरुस्तीला टाकून गेला, तो परत फिरकलाच नाही. बाबांनी वर्षभर त्याची वाट पाहिली. मग एका सकाळी, ते नीट चालतंय का बघायला म्हणून, मला दारात उभं केलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीला हात लावून दोनदा जाऊन यायला सांगितलं. मी जीव खाऊन पळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुढे ते दात घासण्यासारखं रोजचंच होऊन बसलं. एका लांबट वहीत बाबांनी तीन रकाने आखले होते: तारीख, लागलेली वेळ, शेरा. शेरा अर्थातच घड्याळाविषयी. "ठीक." "किल्ली जड." "तेल दिले." पोरगी धापा टाकतेय, गुडघा फोडून घेतलाय, याबद्दल त्या वहीत अवाक्षर नाही. गल्लीतले लोक मला सेकंदकाटा म्हणायला लागले तरी बाबांचं म्हणणं एकच, की आपण घड्याळ तपासतो आहोत.

तेराव्या वर्षी मला पाळी आली. बाबांची धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या मागच्याच रस्त्यावर राहायची, कपडे शिवायची. तिनं मला जवळ बसवून सगळं नीट समजावलं, काय वापरायचं, किती वेळानं बदलायचं, तारखा कशा लिहून ठेवायच्या. त्यासाठी मी तिची आजही ऋणी आहे. पण जाता जाता तिनं दोन ताकिदी दिल्या. एक, त्या दिवसांत अजिबात पळायचं नाही, आतलं सगळं जागचं हलतं आणि पुढे मूल होत नाही. दुसरी, यातलं बाबांना काही सांगायचं नाही, पुरुषमाणसाला काय कळतंय त्यातलं. आता या दोन्ही एकदम पाळायच्या कशा, तुम्हीच सांगा. पळायचं नाही तर सकाळी बाबांना कारण द्यावं लागणार, आणि कारण द्यायचं नाही तर पळावं लागणार. आत्याच्या हे ध्यानातच आलं नाही, आणि तिला उलट विचारायचा मला धीर झाला नाही.

मी पळत राहिले. दर महिन्याला ते चार दिवस मी टपालपेटीपर्यंत पळायची, आणि पाय टाकेन तसं पोटात काहीतरी सुटून चाललंय असं मला वाटायचं. दुखायचं ते वेगळंच, पण दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. शाळेत मात्र खेळाच्या तासाला "पोट दुखतंय" म्हणून भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसायची. त्या बाकावर बसणारीला काय झालंय ते मैदानावरच्या सगळ्यांना कळायचं, मुलांना तर आधी. दीड वर्ष मी हा दुटप्पीपणा केला. सकाळी शरीराचा सत्यानाश आणि दुपारी त्याची काळजी.

मग शहराच्या संघासाठी आठशे मीटरची निवड जाहीर झाली. आमच्या भागातल्या सगळ्या शाळांतून दोनच मुली घेणार होते. निवड झाली तर मोठ्या मैदानावर रीतसर शिकायला मिळणार, पळायचे खरे बूट मिळणार. पाच वर्षं मी गल्लीतल्या कुत्र्यांशी शर्यत लावत आले होते, मला ते बूट स्वप्नात दिसायचे. तारीख गुरुवारची निघाली. मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर खुणा मोजल्या. तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा गुरुवारच आला, पहिला दिवस.

त्यात शर्यतीची चड्डी फिकट पिवळी, आणि भोवती चारशे माणसं. मला वाटलं, पुरे झालं. जे काय वाटोळं करायचं ते दीड वर्षात करून झालंय, आता आणखी नको. सोमवारी सकाळी मी बाबांना सांगून टाकलं की मी पळणार नाही. आजही नाही आणि गुरुवारीही नाही, पाय दुखतोय.

"कुठला?" बाबा म्हणाले.

मी डावा म्हणाले. त्यांनी खाली बसून डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दाबून पाहिला, हळूहळू, घड्याळातली केसाएवढी बारीक केसकमान तपासावी तसा. मग चहा करता करता पुन्हा विचारलं, आणि मी उजवा म्हणाले. बाबांनी नुसतं वर पाहिलं. बंद पडलेलं घड्याळ खोटं बोलत नाही, त्यामुळे खोटं बोलणाऱ्याशी कसं वागायचं याची त्यांना सवय नव्हती. ते नुसते बघत राहिले, आणि माझा मूळचाच तापट स्वभाव उसळला. मी सगळं बोलून टाकलं. पाळी, आत्या, दीड वर्ष, टपालपेटी, मला मूल होणार नाही, आणि हे सगळं तुमच्या त्या मेल्या घड्याळामुळे.

बाबांनी टेबलावरचं भिंग उचलून डोळ्याला लावलं. समोर घड्याळ नव्हतं. बराच वेळ ते तसेच मोकळ्या टेबलाकडे भिंगातून बघत बसले. मी दप्तर उचलून शाळेत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी भरदुपारी दुकान बंद केलं. असं आधी कधी झालं नव्हतं, शेजारच्या न्हाव्याला वाटलं कुणी गेलं. ते गेले होते बायकांच्या दवाखान्यात, आणि पुढची हकिकत मला कितीतरी वर्षांनी तिथल्या खुद्द डॉक्टरीणबाईंनी सांगितली. त्या दवाखान्यात बाबा कडेच्या खुर्चीवर दीड तास बसून होते, आणि आपण इथे का आलोय याचं कुणी भलतंच कारण काढू नये म्हणून मांडीवर एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन. आजूबाजूला सगळ्या गरोदर बायका. बाबांचा नंबर आल्यावर बाईंनी विचारलं, पेशंट कुठे आहे. शाळेत, बाबा म्हणाले. मग मी तपासू कुणाला, असं बाईंनी विचारल्यावर बाबांनी मांडीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मात्र एकदाचं त्यांनी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, इतके नेमके प्रश्न माझ्याकडे अजून कुणी बाईमाणसानंही आणले नव्हते.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा उभेच होते. हातात दुरुस्तीची पावती, आणि तिच्या पाठीमागे त्यांच्या मुंगीच्या अक्षरात भरगच्च मजकूर. तो त्यांनी मला उभ्यानं वाचून दाखवला, माझ्याकडे एकदाही न बघता. पळण्यानं आतलं काही जागचं हलत नाही. मूल होण्या न होण्याशी याचा काडीचा संबंध नाही. व्यायामानं दुखणं वाढेलच असं नाही, कित्येक जणींना उलट बरं वाटतं. गरम पाण्यानं शेकावं. फार दुखलं, चक्कर आली किंवा रक्तस्राव जास्त झाला तर थांबायचं आणि दाखवायला आणायचं. रक्तस्राव या शब्दाला त्यांचा आवाज अडकला, त्यांनी आवंढा गिळला, आणि तो शब्द पुन्हा पहिल्यापासून नीट वाचला. त्या आवंढ्यासाठी मी माझ्या बापाला काय देऊ, मला कळत नाही. जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्यांना तो शब्द जड होता, आणि तो त्यांनी माझ्यासाठी दोनदा उच्चारला.

एवढं ऐकूनही माझा विश्वास बसेना. डॉक्टर काय, काहीही सांगतात, मी म्हणाले. तेव्हा बाबांनी ती लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली, पेन्सिल दिली आणि म्हणाले की तुझ्याकडे तारखा असतील तर यात त्या त्या दिवसापुढे ठिपका दे.

मी माझ्या खुणा बघून ठिपके देत गेले. दीड वर्षाचे ठिपके, महिन्याला चार. वही भरत चालली तशी मला घाम फुटला, कारण हे सगळं त्यांच्यासमोर चाललं होतं. मग बाबांनी पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली धरत गेले. पहिल्या दिवशी मी बहुतेक वेळा मागे होते, दोन सेकंद, कधी तीन. दुसऱ्या दिवशी कमीजास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही फरकच नाही. एका पानावर पट्टी थांबली. एक मिनिट सेहेचाळीस सेकंद. पाच वर्षांत त्या गल्लीत मी त्याहून वेगानं कधीच पळाले नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी त्या दिवशी लिहिलं होतं, "घड्याळ पुढे पळते की काय? तपासणे." आणि त्या ओळीपुढे माझा ताजा ठिपका होता, त्या महिन्यातला दुसरा.

"घड्याळ मी तपासलं होतं," बाबा म्हणाले. "त्याचं काही चुकलं नव्हतं. तूच पळाली होतीस."

मी रडायला लागले. बाबा गडबडले, त्यांनी पट्टी पुसली, ठेवली, पुन्हा उचलली. मग त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण त्यांनी केलं.

"गुरुवारी पळायचं की नाही ते तू ठरव. दुखलं तर बस, मी काही म्हणणार नाही. पण घाबरून बसू नकोस, पोरी."

बुधवारी आत्या आली. बाबांनी तिलाही ती पावती वाचून दाखवली असणार, कारण तिचा चेहरा उतरलेला होता. भांडेल असं मला वाटलं होतं. तिनं पिशवीतून एक गडद निळी चड्डी काढली, आतून दुहेरी कापड लावलेली, शाळेच्या बाईंची परवानगी तिनंच जाऊन आणली होती. माझ्या कमरेला ती लावून बघताना म्हणाली, "आमच्या वेळी विचारायला कुणी गेलंच नाही गं. सांगितलं, बसा. आम्ही बसलो." एवढं बोलून ती दोऱ्याचं टोक दातानं तोडायला लागली. मला पुढे दोन मुलं झाली. दोन्ही वेळा ही बातमी आत्याला सगळ्यात आधी मी स्वतः जाऊन दिली, आणि दोन्ही वेळा ती हसून हसून रडली.

गुरुवारी पहाटे पाळी आली, अगदी हिशोबानं. बाबांनी गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून न बोलता माझ्या उशाशी ठेवली. मी तासभर पडून शेक घेतला आणि ठरवलं. दुखत होतं, पण भीती वाटत नव्हती. या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मैदानाच्या दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत ओटीपोटात गोळा येत होता, आणि मी सहावी की सातवी होते. कुंपणापाशी बाबा उभे दिसले, इस्त्रीचा शर्ट, हातात स्टॉपवॉच. दुसऱ्या फेरीत कधीतरी तो गोळा कुठे गेला मला माहीत नाही. गेला किंवा माझं लक्ष गेलं नाही. शेवटच्या वळणावर माझ्यापुढे दोघी होत्या, दोर ओलांडला तेव्हा एकच होती.

मी तशीच वाकडीतिकडी कुंपणाकडे धावले आणि बाबांना विचारलं, किती. बाबांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. काटा शून्यावर होता. शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी बटण दाबलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकही सकाळ न चुकलेला माणूस, त्याचा अंगठा बटणावर तसाच राहिला होता, आणि डोळे लाल झाले होते.

"राहिलं," बाबा म्हणाले.

खेळाच्या बाईंकडे पंचांनी दिलेली वेळ होती, ती मी त्यांना आणून दिली. दुसऱ्याच्या घड्याळावरची वेळ मी वहीत लिहीत नाही, असं म्हणून त्यांनी ती घेतली नाही. मला बूट मिळाले, मोठ्या मैदानावर चार वर्षं शिकले. फार मोठी धावपटू झाले असं नाही, पण आज त्रेचाळिसाव्या वर्षीही मी सकाळी पळते, महिन्यातले सगळे दिवस, आणि ज्या दिवशी नाही जमत त्या दिवशी खुशाल बसते.

दुकान आता बंद आहे. बाबांची नजर अधू झालीय आणि ते माझ्याकडे राहतात. आपण घड्याळ तपासत होतो, हे त्यांचं म्हणणं अजून कायम आहे. वही माझ्या कपाटात असते. त्या गुरुवारच्या ओळीत तारीख आहे, तिच्यापुढे ठिपका आहे, आणि तो माझा नाही, बाबांनी शाईनं दिलेला आहे. वेळेचा रकाना कोरा आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "घड्याळ ठीक. चूक माझी. पोरगी फार छान पळाली."