कुलपाच्या कारखान्याला कुलूप

आत्याच्या हातात कानस आली तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. आता नवरा गेला, मुली आपापल्या घरी गेल्या, कानस तेवढी राहिली. तशी ती खरी आत्या एकाच माणसाची, ऑफिसात हिशेब बघणाऱ्या भाच्याची. पण कामावर लागला त्या दिवशी तो पठ्ठ्या सगळ्यांदेखत "आत्या" म्हणून ओरडला आणि तेव्हापासून भट्टीवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. नातं चिकटलंच आहे तर हक्कही बजावावा, म्हणून ती सगळ्यांना भाच्यासारखं फैलावर घ्यायची. मालकही त्यातून सुटत नसत.

कारखाना पितळी कुलपांचा. भट्टीवाला पितळ ओतायचा, पलीकडचे दोघे आतल्या पट्ट्या बसवायचे आणि शेवटी किल्लीचे दाते घासायला आत्या. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागली की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी घरात येऊन तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. "ज्याला कुणाचीही किल्ली चालते त्याला कुलूप म्हणत नाहीत," असं म्हणून ती ते पुन्हा खोलायला लावायची. भट्टीवाला कपाळावर हात मारायचा, पण खोलायचा.

मध्यंतरी जहाजांची भाडी आभाळाला भिडली होती. बाहेरचा माल येईना, त्यामुळे यांच्या कुलपांना अशी मागणी की जेवायला फुरसत नाही. सगळ्यांना वाटलं, आपल्या गुणांचं चीज झालं. माणसाला चांगले दिवस आले की ते आपल्यामुळेच आले असं वाटतं, त्यात नवल काही नाही. मग भाडी उतरली आणि बाजारात परदेशी कुलपांचे ढीग येऊन पडले, निम्म्याहून कमी किमतीत. त्यातच दूर कुठल्याशा खाणीत संप झाला म्हणून तांबं महागलं, त्यामागोमाग पितळ. आणि यांचा बराचसा माल उचलणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याने हात वर केले, कारण त्याच्या देशात व्याज वाढलं होतं आणि लोकांनी घरं बांधणंच थांबवलं होतं. नवं घर नाही तर नवं दार नाही, दार नाही तर कुलूप कशाला?

हे सगळं भाच्याने डबा खाता खाता समजावलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला," ती म्हणाली. "संप त्यांचा, व्याज त्यांचं, आणि उपाशी कोण, तर आपण."

"आत्या, जग असंच चालतं."

"चालू दे की. आपल्या अंगावरून कशाला चालतं?"

भाच्याने डब्याचं झाकण लावलं. खरं सांगायचं तर याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, फक्त मोठी माणसं तसं कबूल करत नाहीत.

मग एके दिवशी मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मालक मूळचे दुकानदाराच्या घरातले. त्या घरात 'बंद' हा शब्द अशुभ म्हणून कुणी तोंडातून काढत नसे. संध्याकाळी दुकान 'वाढवत', दिवासुद्धा मालवत, विझवत नसत. तेच वळण पडलेलं. मालक घसा खाकरून म्हणाले, "पुष्कळ विचार केला. या महिनाअखेर कारखाना वाढवायचा."

भट्टीवाल्याने टाळ्याच वाजवल्या. पट्ट्या बसवणाऱ्यांनी लगेच विचारलं, नवी यंत्रं कुठे बसवणार? पॅकिंगवालीने तर बहिणीला काम मिळेल का तेही विचारून घेतलं. मालकांचं तोंड उघडंच राहिलं. खुलासा करावा तर तो शब्द उच्चारावा लागणार.

आत्या मात्र मालकांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"टाळ्या थांबवा," ती म्हणाली. "मालक दुकानातलं वाढवणं म्हणतायत."

भट्टीवाल्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. आत्याला रडू आलं नाही, संताप आला. इतकी वर्षं काम करायचं आणि निरोप असा मिळायचा की आधी त्याच्यावर टाळ्या पडाव्यात!

महिनाअखेर आली. मालकांनी फाटकाला लावायला कुलूप मागितलं. शेवटची पेटी तेवढी उरली होती आणि तिच्यावर आत्या बसली होती.

"उठा आत्या."

"दुसरं काहीही सांगा मालक. आमच्या हातचं कुलूप आमच्याच तोंडावर लागणार नाही."

मालकही हट्टाला पेटले. तरातरा नाक्यावर गेले आणि परदेशी बनावटीचं एक चकचकीत कुलूप घेऊन आले. फाटक ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. सगळे बाहेर रस्त्यावर उभे.

आत्या पुढे झाली. अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला, कुलपात घातला आणि कान लावून जरा फिरवला. खट्.

तिने ते उघडं कुलूप मालकांच्या तळहातावर ठेवलं. "याला घाबरून आपण घरी बसणार?"

मालकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "लोक हेच घेतात, आत्या. स्वस्त आहे."

"घेतात, कारण त्यांच्यासमोर कुणी उघडून दाखवलं नाही. पितळाचा भाव माझ्या हातात नाही. आकडा आहे." तिने पेटी भट्टीवाल्याच्या खांद्यावर दिली. "कुठून आणलंत ते दुकान दाखवा."

फाटक तसंच उघडं टाकून सगळे नाक्यावर गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. आत्याने दुकानदाराकडून मालकांनी घेतलं त्याच ढिगातली चार कुलपं मागून घेतली, किल्ल्या त्याच्याकडेच राहू दिल्या आणि एकामागून एक चारही उघडून फळीवर मांडली. मग पेटीतलं आपलं कुलूप गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, आकडाही दिला. "बघा प्रयत्न करून."

त्या माणसाने बराच वेळ झटापट केली. आकडा वाकला. तो चकचकीत कुलूप बाजूला सारून पितळी कुलपाची किंमत विचारू लागला.

"आत्या, हळू बोला," दुकानदार काकुळतीला आला. "पेटी ठेवून जा. विकून देतो. पण आधी तो आकडा केसांत घाला."

आत्याने वाकडा आकडा सरळ केला, पण केसांत घातला नाही. ती मालकांकडे वळली.

"हे एक झालं. दुसरं दुकान कुठे आहे?"

मालकांनी खिशातली किल्ली काढून दुकानदाराच्या फळीवर ठेवली आणि रस्ता दाखवायला पुढे निघाले.