इंग्रजीचं झाड

मी बी.ए. कितपत झालो आहे, हे आमच्या गावात कुणी मला विचारत नसे. लोक जाऊन झाडं बघून येत.

खाप्याजवळ आमची संत्र्याची बाग होती. कीड-बुरशी चढू नये म्हणून पावसाळ्याआधी संत्र्याच्या बुंध्यांना चुन्याचा पांढरा लेप लावतात. मी नागपूरला कॉलेजात गेलो आणि बाबांनी (शिक्षण चौथी, उत्साह एम.ए.चा!) रस्त्याकडची एक ओळ माझ्या पदवीसाठी राखून ठेवली. एका विषयाला एक झाड. विषय सुटला की बुंध्याला लेप! इतिहास पांढरा झाला, राज्यशास्त्र पांढरं झालं. इंग्रजी मात्र दोन वर्षं उघडीबोडकी उभी. जाणारा-येणारा बैलगाडी थांबवून विचारायचा, "काहून गा, इंग्रजीनं अजून कपडे नाही घातले?"

एवढ्यावर भागलं असतं, पण सावनेरच्या शामरावांनी त्यांची सुमन मला देऊ केली होती. अट एकच, मुलगा ग्रॅज्युएट हवा. मला सुमन फार आवडली होती. इंग्रजी तितकीशी नाही.

तिसऱ्यांदा परीक्षा दिली. निबंध अर्धा कोरा सोडून आलो आणि नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या खोलीत निकालाची वाट बघत बसलो. निकाल कुठल्याही दिवशी वर्तमानपत्रात येणार होता. एका शनिवारी नेहमीच्या पहाटेच्या एस.टी.ने, त्या दिवसाचं वर्तमानपत्र न बघताच, गावाकडे निघालो.

उतरतो तो समोर बँड! शेजारचे संपतकाका हार घेऊन धावत आले.

"आला आला, ग्रॅज्युएट आला!"

मी वाकून हार घालून घेतला. म्हणजे निकाल लागला! (अर्ध्या निबंधाची टोचणी होतीच. पण परीक्षकही माणूसच, त्याला दया आली असेल.) बाबा पेढे वाटत होते. शामरावही आले होते! त्यांनी मला कडकडून मिठी मारली.

"जावईबापू, आता उशीर नाही करायचा. याच महिन्यात लग्नाचा बार उडवून टाकू!"

"दोन शब्द बोल ना गा!" कुणीतरी ओरडलं.

मी बोललो. आणि देवा, इंग्रजीत बोललो! तीन वाक्यं. वर शाळेतल्या पोरांना उपदेश केला, "मेहनत केली तर इंग्रजी काहीच नाही." टाळ्या!

मग वरात निघाली बागेकडे, इंग्रजीपुढे नारळ फोडायला. आणि खरंच, इंग्रजीचा बुंधा पांढराशुभ्र! माझे डोळे भरून आले. तेवढ्यात माय पुढे आली. हात कोपरापर्यंत अजून चुन्यानं पांढरे.

"पास झाला म्हणे रे माझा बापू!"

"म्हणे?" बाबा थबकले. "तुले माहीत नव्हतं, तं झाडाले लेप काहून लावला वं?"

"त्याले वाळवी लागून राहिली होती! हा नापास होते त्याच्यात झाडाचा काय गुन्हा? काल तुम्ही बाजारात गेले, तेव्हा लावून टाकला."

बँड हळूहळू थंडावला. फक्त ढोलवाला चालू होता, त्याला ऐकू आलं नव्हतं.

मी विचारलं, "बाबा, मी पास झालो हे तुम्हाले कोणी सांगितलं?"

"झाडानं! बाजारातून येताना पाह्यलं आणि तसाच सावनेरले शामरावांकडे, बँडवाल्याकडे गेलो. सकाळी बँड घेऊनच परतलो."

"माय, तुले?"

"बँडानं."

"आणि तुले गा?" शामरावांनी मला विचारलं.

मी मान खाली घातली. "हारानं."

शामरावांनी तो हार माझ्या गळ्यातून काढला, नीट गुंडाळला आणि इंग्रजीच्या फांदीला अडकवला.

"सध्या पास झालेलं हेच दिसून राहिलं."

पुढच्या आठवड्यात खरा निकाल लागला. माझा नंबर वर्तमानपत्राच्या पाठच्या बाजूलाही नव्हता! मी शोधला होता.

पुढे तो विषय सुटला एकदाचा, सुमनही मिळाली. पण तोवर इंग्रजीनं दोन बहार दिले होते, आणि खरं सांगतो, ओळीत सर्वात गोड संत्री तिचीच! आज माझ्या कानाशी केस पिकले, पण घरी इंग्रजी कागद आला आणि मी ऐटीत चष्मा लावला की सुमन पदर खोचते.

"थांबा, घाई नका करू. मी आधी झाडाले विचारून येते."