बंद काचांची गाडी

"पोट्टी रोज उलट्या करून राहिली, अन् तुमी पाइपाले मिठी मारून झोपून राहिले!"

कलावतीबाई हे बोलत होत्या ते गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांशी. पाय धर्मपाल मेश्रामांचे. गाडीची पुढची चाकं विटांवर चढवून ते पोत्यावर उताणे पडले होते.

"उलट्या गाडीनं होते का? पाचवा महिना आहे तिले," खालून आवाज आला.

"मंग रविवारी काहून नाही होत? पाचवा महिना रविवारी सुट्टी घेते का?"

खालून फक्त पाना आपटल्याचा आवाज आला.

"गॅरेजवाल्याले दाखवा म्हणून दिवाळीपासून सांगून राहिली मी."

"सारी नोकरी रेल्वेत वेल्डिंग केलं. माह्या गाडीले दुसऱ्याचा टाका लावू? पाऱ्यातले, आजूबाजूचे लोक हसतीन."

"हसू द्या. त्याच्यानं कोणी मरत नाही."

दारात उभी असलेली भावना हळूच म्हणाली, "मम्मी, मेरे लिए मत झगड़ो." सून दुर्गची. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतूनच यायचं.

ही जुनी लाल गाडी धर्मपालांनी निवृत्त झाल्यावर घेतली. मुलगा यशदीप उरल्याच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणून सुनेला बीरगांवहून तेलीबांध्याच्या ऑफिसात सोडायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते गाडी पुसायचे, भावना बसली की म्हणायचे, "काच लाव बेटा." बीरगांवात हे सांगावंही लागत नाही. इथे वाळत घातलेली पांढरी ओढणी कारखान्यांच्या काजळीने संध्याकाळपर्यंत राखाडी होते. भनपुरीचे ट्रक मागे पडेपर्यंत कोणीच काच उघडत नाही, आणि पुढे उघडायचं लक्षात राहत नाही. भावनाला लायसन्स होतं, पण चावी तिला कधी मिळाली नाही. "रस्त्यावर ट्रक पाहिले का?" एवढंच उत्तर असायचं.

ऑफिसला पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायचं. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. गाडीत धुराचा वास येतो असं तिने दोनदा सांगून पाहिलं. धर्मपाल म्हणाले, कारखान्याचा असेल. तेही खोटं वाटण्यासारखं नव्हतं.

दुपारपर्यंत काम झालं. ग्रिलवाल्याचं वेल्डिंग मशीन मागून आणून त्यांनी सायलेन्सरच्या पाइपावर टाका मारला होता. टाका खरंच देखणा होता, एकसारखा, बारीक. गाडी सुरू केली तर दिवाळीपासूनचा फटफट आवाज जवळजवळ गेलेला.

"ऐकलं?" त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"ऐकून काय करू? मी बसून पाहतो," कलावतीबाई म्हणाल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. भावना पुढे बसली. काचा लागल्या.

उरल्याच्या वळणावरच कलावतीबाईंच्या नाकाला वास लागला. "धूर येऊन राहिला."

"कारखान्याचा आहे."

भनपुरी गेली. भावनाने कपाळ दाबून धरलं. कलावतीबाईंचंही डोकं जड व्हायला लागलं होतं. तेलीबांध्याचा तलाव दिसला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबवा."

खाली उतरून त्यांनी मोठा श्वास घेतला. तलावावरची हवा स्वच्छ होती. मग पुन्हा दार उघडून डोकं आत घातलं आणि लगेच मागे घेतलं.

"इथं कोणता कारखाना आहे?"

भावना रस्त्याच्या कडेला वाकली होती. तिच्या पाठीवर हात ठेवून कलावतीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. धर्मपालांनी सुरू गाडीत डोकं घातलं, जोरजोरात नाक ओढलं, पुन्हा ओढलं.

"काहीच तं नाही," ते म्हणाले.

मस्करी करत नव्हते ते. कलावतीबाईंना शेगडीवर जळून कोळसा झालेलं दूध आठवलं, आणि त्याच्याच बाजूला बसून पेपर वाचणारा हा माणूस. मागे एकदा गॅस सुरू राहिला होता, तेव्हाही घरात हेच होते. वेल्डिंगच्या धुरात सारी नोकरी गेली, त्या धुरात नाकही गेलं होतं. कलावतीबाईंना ते कधीचं कळलं होतं. तोंडावर म्हणायचं मात्र टाळलं होतं, कारण म्हटलं असतं तर पेपर फेकून ते दोन दिवस जेवले नसते.

"तुमाले वास येत नाही," आता त्या म्हणाल्या.

धर्मपालांनी गाडी बंद केली, बॉनेट उघडलं. इंजिनाला पाइप जोडतो तिथे, वरच्या बाजूला, काजळीचा दाट डाग होता. डाग त्यांनी आधीही पाहिला होता. पण बीरगांवच्या गाडीत बॉनेटखाली काळं दिसलं तर कोण थांबून बघतं? त्यांनी बोट फिरवलं. धूळ झटकली जाते, ही काजळी बोटाला चिकटली. जोडातलं पॅकिंग गेलं होतं. टाका त्यांनी मारला तो जिथून आवाज यायचा तिथे. धूर वरून निघत होता आणि पुढच्या फटींतून आत येऊन बंद काचांमागे साठत होता. डोकं त्यांचंही रोज दुखायचं, ते वयाचं असेल असं त्यांनी धरलं होतं.

"अस्पताल चलो पहले," भावना पोटावर हात ठेवून म्हणाली.

तिघेही चारही काचा खाली करून गेले. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले, ठोके ठीक होते. पण किती दिवस बसत होतात अशा गाडीत, असं विचारून त्या बराच वेळ लिहीत राहिल्या, आणि पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी करू म्हणाल्या. त्याआधी काही सांगता येणार नव्हतं.

परतताना भनपुरीची काळी धूळ तिघांच्या तोंडावर बसली. कोणी पुसली नाही.

घरी यशदीप पाळी करून आला होता. कलावतीबाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो बापाकडे वळून काही बोलणार, तेवढ्यात धर्मपालांनी हातातला चहा खाली ठेवला आणि चावी भावनासमोर सरकवली.

"मले वास येत नाही," ते म्हणाले. "रिटायर व्हायच्या आधीपासून येत नाही. उद्या गाडी गॅरेजले देतो. आली की भावना चालवन, काचा खाली करून. मी चालवणार नाही."