मुळीच त्रास नाही

इंदूर स्टेशनच्या पुलाच्या पायथ्याशी बाबांनी माझी बॅग हमालाकडे दिली आणि म्हणाले, "तू निकल बेटा, मी इथूनच बघतो." आई फलाटापर्यंत आली. मुंबईची गाडी, पुढे इंग्लंडला, लीड्सला जायचं विमान. पुलावरून वळून पाहिलं तर बाबा कठड्याला धरून उभे होते. मला राग आला. मुलगी देश सोडून चाललीय आणि या माणसाला चार पायऱ्या चढाव्याशा वाटत नाहीत! तो राग मी पाच वर्षं जपून ठेवला.

इथलं माझं काम ऐकून तुम्ही हसाल. दम्याच्या पेशंटचे दिवस कसे जातात हे विचारणारी एक प्रश्नावली असते. गेल्या पंधरा दिवसांत जिना चढताना किती त्रास झाला, झोपमोड किती वेळा झाली, असले प्रश्न. तिची भाषांतरं शेजारी शेजारी मांडून मी बघते, सगळीकडे एकच गोष्ट विचारली जातेय ना. मराठी आणि हिंदी माझ्याकडे. इंदूरच्या छत्रीबागेत दोन्ही एकाच वाक्यात बोलत वाढलेली मी, आता त्यांना वेगळ्या रकान्यांत बसवते.

नवा मराठी मसुदा आला तेव्हा सराव म्हणून बाबांनाच व्हिडिओ कॉलवर बसवलं. दमा त्यांचा जुनाच, पण आटोक्यात आहे असं ते नेहमी सांगायचे. चष्मा पुसून त्यांनी भराभर उत्तरं दिली. जिना? मुळीच त्रास नाही. बाहेर चालणं? मुळीच नाही. "सब बढिया, लिही." मी खूश झाले.

पण आमच्या कामाची एक रीत आहे. उत्तर मिळालं की थांबायचं नाही, हे उत्तर कसं ठरवलंत तेही विचारायचं. मी विचारलं.

"अगं, जिना मी चढतच नाही. तो तकलीफ कशाची?"

मागून आई म्हणाली, "पलंग तू जायच्या आधीच खाली आणलाय ना यांचा."

तेव्हा वर फार उकडतं म्हणाले होते. रविवारची जिलबी आणणं सोडलं, कारण तिच्यात आता ती मजा नाही. पलासियाला मित्राकडे जात नाहीत, कारण ट्रॅफिक. मी सगळं खरं मानलं होतं. आता मला तो पूल आठवला.

"बाबा, त्या दिवशी स्टेशनवर..."

त्यांनी चष्मा काढला. "चढलो असतो तर वर धाप लागली असती. तू बघितलं असतंस, तर गाडीत बसली नसतीस."

मसुद्यावर मी शेरा लिहिला, की 'ही गोष्ट मी आता करतच नाही' असाही पर्याय हवा. हिंदीतही हवा. माझा राग मात्र कुठे ठेवावा ते मला कळेना.

तिकडे राहिलेले तुम्ही आणि इकडे आलेले आम्ही, फोनवर सगळेच 'बढिया' असतो. मीही. पोह्यांचा वास येतो म्हणून इथल्या देसी दुकानाच्या रस्त्याने मी जात नाही. मराठी सणाचं आमंत्रण आलं की मला काम निघतं. मग आठवण कशाला येईल?

त्या दिवशी कॉल संपवताना बाबांनी विचारलं, "आणि तुला? तिकडे काही तकलीफ?"

"मुळीच नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "कसं ठरवलंस हे उत्तर?"

इतक्या वर्षांत हे मला इथे कुणी विचारलं नव्हतं. मला घरी जायचं होतं, आणि ते कॉल बंद न करता वाट बघत बसले होते.