शकुनताईचा शंख आणि वरचा ओठ

माझी थोरली बहीण शकुन डमडमच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पुस्तकात न बघता फळ्यावर अख्खा भारत काढायची. अशा बाईने चौऱ्याहत्तर साली जो घोळ घालून ठेवला, त्याचा राग मला अजून येतो.

मुळात होता शंख. आमचा जन्म कलकत्त्याचा, वडील खिदिरपूरला गोदीत नोकरीला. शेजारच्या काकीमांकडे रोज तिन्हीसांजेला शंख वाजे, आणि बंगाल्यांत तो बायकाच फुंकतात. ताई तो आठव्या वर्षी शिकली. पुढे आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीआधीचा शंख तिच्याकडे आला तो कायमचाच. पुण्यामुंबईहून नवी बदली होऊन आलेली मंडळी पहिल्या वर्षी भुवया उंचावत, बाई आणि शंख? दुसऱ्या वर्षी तीच मंडळी मुलांना पुढे बसवून ताईचा श्वास किती टिकतो ते मोजायला लावत. ताईने लग्न केलं नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही. पण त्या दहा दिवसांत तिच्यावाचून आरती सुरू होत नसे, आणि याचा तिला किती आनंद होता हे मला माहीत होतं.

आता वीस-बावीस वर्षं शंख फुंकल्यावर वरच्या ओठावर उभ्या चुण्या पडणारच. त्र्याहत्तरच्या स्मरणिकेत तिचा शंख फुंकतानाचा फोटो छापला. मुंबईहून आलेली लीना, बँकेतल्या साहेबांची बायको, तो बघून म्हणाली, "अय्या, शकुनताई, बटव्याची नाडी ओढल्यासारखं दिसतंय हो!" सगळ्या हसल्या. ताई हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

मे महिन्याच्या सुट्टीत ताई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिचं तोंड मला विचित्र दिसलं. ओठ होता तसाच बारीक, पण त्याच्या वर, नाकाखाली, एक फुगवटा आला होता. ओठाची रेघ त्यात बुडून गेली होती. बाजूने बघितलं तर दाताआड सुपारीचं खांड धरल्यासारखं वाटे, आणि उजवीकडे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागत होती.

"हे काय गं?"

"दात सुजलाय," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी धरला.

दात म्हटल्यावर मी गप्प बसते की काय! आमच्या आईच्या सगळ्या उपायांची मी वारसदार. सकाळी आंबेहळद उगाळून लेप, दुपारी मिठाच्या पुरचुंडीने शेक, आणि संध्याकाळी खोबरेल तेल लावून अंगठ्याने चांगलं दाबून खालून वर चोळायचं, म्हणजे सूज उतरते. तीन आठवडे मी हे इमानेइतबारे केलं. ताई डोळे मिटून बसायची. सूज उतरायची सोडून नाकपुडीच्या कडेला जाऊन भिडली. मी म्हटलं, अंगठा कमी पडतोय, आणि आणखी जोर लावला.

शेवटी तिला ओढत दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने दात ठोकून पाहिले, फोटो काढला आणि म्हणाला, "दात ठणठणीत आहेत. ही सूज दातांची नाही."

"नक्की?" मी विचारलं.

तेवढ्यात ताई म्हणाली, "तरी काढून टाका ना एक."

डॉक्टरने हातातला आरसा खाली ठेवला. मी ताईकडे बघितलं. तिचे कान लालबुंद झाले होते. डॉक्टरने ओठावर हळूच बोट ठेवून विचारलं, "इथे काही टोचून घेतलं होतं का?"

ती बोलली ती परतीच्या ट्राममध्ये, मैदान ओलांडताना, खिडकीबाहेर बघत. फेब्रुवारीत ती चौरंगीच्या मागच्या एका ब्यूटी पार्लरमध्ये गेली होती. तिथे महिन्यातून एकदा कुणी मुंबईचा डॉक्टर येई आणि ओठात पातळ सिलिकॉन टोचून चुण्या बुजवून देई. दोन महिने ओठ छान दिसला, शाळेत बायकांनी विचारलंसुद्धा. मग ते आत भरलेलं ओठ सोडून वर सरकायला लागलं. पार्लरवाली म्हणाली, खालच्या ओठातही एक सुई घ्या, म्हणजे बरोबर दिसेल. डॉक्टरचा पत्ता विचारला तर तो आता येत नाही म्हणे.

"आणि मी तीन आठवडे अंगठ्याने दाबत होते, तेव्हा तुला कळत नव्हतं वाढतंय ते?"

"कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चुण्यांसाठी केलं असं कुणाला सांगणार, नलू? मी काय कॉलेजातली मुलगी आहे?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! एक चांगला दात उपटून द्यायला निघाली होती बाई, पण खरं बोलायला तयार नव्हती. मी भर ट्राममध्ये तिला इतकी बोलले की कंडक्टर तिकीट मागायचं विसरला. घरी आल्यावर मला माझा अंगठा दिसला आणि मग मी रडले. मीच ते नाकापर्यंत नेलं होतं.

सरकारी इस्पितळातले म्हातारे सर्जन कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी दिव्याखाली ओठ पाहिला, ताईला ओठांचा चंबू करायला लावला, परत सोडायला लावला. "दीदीमणी, हे पातळ आहे. दाबाल, शेकाल, चोळाल तिकडे जाणार. विरघळवायचं औषध नाही. आणखी सुई तर घेऊच नका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मालिश कोण करत होतं?" मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

गाठ ओठाच्या आतून कापून काढता येईल, पण सगळं निघणार नाही आणि ओठ थोडा ताठ राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ताईने एकच विचारलं, "शंख फुंकता येईल?"

"आता येतो?"

"नाही. हवा निसटते."

मला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे ती फुंकून बघत होती, एकटी, डमडमच्या खोलीत. सर्जन म्हणाले, "चंबू केल्यावर ओठाला परत चुण्या पडायला लागल्या, की ओठ वळतोय असं समजा. मग वाजेल. त्याआधी शंखाला हात लावू नका."

जुलैत ऑपरेशन झालं. टाके विरघळल्यावर ताई रोज सकाळी आरशासमोर ओठांचा चंबू करून बसायची आणि चुण्या शोधायची. ज्या घालवायला एवढा उपद्व्याप केला, त्याच आता देवाकडे मागत होती. मी म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." ती म्हणाली, "बोल, तुझा हक्क आहे. पण मालिश मी करू दिलं, एवढं लक्षात ठेव." असं बोलल्यावर माणसाने भांडायचं तरी कसं?

गणपती आले. मंडळात कुजबुज होतीच. लीना पुढे होऊन म्हणाली, "ताई, यंदा कुणी दुसरं फुंकेल, दात दुखतोय ना तुमचा?"

ताईने तोंडावरचा पदर काढला. "दात नाही गं. ओठ भरून घेतला होता. सरकला, मग कापला. बघून घ्या सगळ्यांनी." लीनाचा हात आपोआप स्वतःच्या ओठाकडे गेला. खरं सांगते, त्या क्षणी तरी मला तिचा राग आला नाही.

ताईने शंख लावला. नुसती हवा गेली. परत लावला, परत तेच. पुढे बसलेली मुलं मोजायला थांबली होती. त्यातलं एक फिसकन हसलं, आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली. आरतीचं तबक धरलेल्या, मंडळातल्या श्यामकांतकाकांनी घसा खाकरला. मला वाटलं, पुढे होऊन शंख काढून घ्यावा तिच्या हातातून.

तिने मला जवळ बोलावलं. "नलू, चंबू करते. चुण्या कुठे पडतायत ते सांग."

मी वाकून बघितलं. मधे काही नाही. उजवीकडे नुसता ताठ वळ. डावीकडे, अगदी कोपऱ्यात, केसासारख्या बारीक.

"डावीकडे. तीन."

तिने शंख डाव्या कोपऱ्याला लावला, तोंड वाकडं करून, गाल फुगवून. अजिबात बरी दिसत नव्हती. आणि शंख वाजला. चिरकला, मग सरळ झाला. मुलं मोठ्याने मोजायला लागली आणि नवावर थांबली. पूर्वी ती तिशी ओलांडायची.

श्यामकांतकाकांनी आरती सुरू केली. ताई टाळ्या वाजवत माझ्याकडे झुकली आणि कानात म्हणाली, "उद्या दहा."