मोटरचा वाटा

दुष्काळाच्या त्या वर्षांत हर्सूलच्या पुढच्या आमच्या नव्या वसाहतीत आठवड्यातून एकदा नळ यायचा, तोही तासभर. त्याला आम्ही ‘पाण्याचा दिवस’ म्हणायचो. त्या दिवशी कुणी साखरपुडा ठेवत नसे, पाहुण्यांना बोलवत नसे. आमचा हौद चिमुकला. तो भरत असतानाच मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागे, म्हणजे हौदात पुन्हा जागा व्हायची. मोटर थांबली की हौद काठोकाठ, टाकी कोरडी, आणि आपल्या वाटणीचं उरलेलं पाणी चाललं पुढच्या गल्लीत.

आणि नळ यायचा नेमका वीज गेल्यावर. म्हणून आम्ही मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या घेतल्या. पण त्या बॅटऱ्यांचा शत्रू आमच्या घरातच होता. माझ्या सासूबाई.

मी त्यांना आत्या म्हणायचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलेली बाई. सावलीला बसलेल्या माणसाला ऊठ म्हणणं त्यांना जमायचंच नाही. दुपारी वीज गेली की गल्लीतल्या बायका आमच्या कूलरसमोर येऊन बसत, मोबाइल चार्जिंगला लावत, टीव्हीवर मालिका बघत. “बसा की निवांत, आपलंच घर हाय,” आत्या म्हणायच्या.

एका पाण्याच्या दिवशी कूलर-टीव्हीनं बॅटऱ्या आधीच उतरवल्या होत्या, आणि मोटर अर्ध्या टाकीवरच हूं करून गप्प झाली. पुढचा आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. डाळ धुतलेलं पाणीसुद्धा मी फरशी पुसायला वापरलं. नवरा म्हणाला, “आईला सांग ना, बायकांना बोलवू नको म्हणून.” म्हटलं, “आई तुमची, तुम्हीच सांगा.” दोघांचीही छाती झाली नाही. तेव्हा मी ठरवलं, हे सांगायचं काम यंत्रावरच सोपवायचं.

मी तेव्हा एका लहान कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायचे. बॅटरीत किती टक्के चार्ज उरलाय हे दाखवणारा मॉनिटर मी आणला. त्याच्यात एक रिले असतो, म्हणजे आपण ठरवू त्या आकड्याला आपोआप चालू-बंद होणारा छोटा स्विच. घरातलं वायरिंग मी दोन भागांत वेगळं केलं. मोटर आणि एक दिवा थेट इन्व्हर्टरवर; कूलर, टीव्ही आणि सगळे सॉकेट दुसऱ्या भागात. एवढा भार त्या छोट्या रिलेला पेलणारा नव्हता, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर बसवला. रिलेनं नुसता हुकूम सोडायचा, ओझं कॉन्टॅक्टरनं उचलायचं. नवरा शेजारी उभा राहून म्हणाला, “घर जाळू नको म्हणजे मिळवली.” मी म्हटलं, “टॉर्च नीट धरा आणि तोंड मिटा.”

पहिल्याच दिवशी माझं हसं झालं. मी रिले व्होल्टेजवर लावला होता. व्होल्टेज उतरलं, कूलर बंद. भार गेल्याबरोबर व्होल्टेज वर आलं, कूलर परत चालू. टक, टक, टक. “पाल चुकचुकतीय का गं?” आत्यांनी विचारलं, आणि सगळ्या बायका खदाखदा हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी सगळं पुन्हा उघडलं आणि रिले व्होल्टेजवरून टक्क्यांवर आणला. चार्ज साठच्या खाली गेला की कूलर-टीव्हीचा भाग तोडायचा, आणि नव्वद भरल्याशिवाय परत जोडायचा नाही; उरलेले साठ हा मोटरचा वाटा. आत्यांनाही हे समजावून सांगितलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी दुपारी वीज गेली. बायका जमलेल्या, मालिकेतली सून रडतेय, आणि टक. टीव्ही बंद, कूलर बंद. आत्यांचा चेहरा पडला. “माणसं बसल्याली असताना असं करत्यात व्हय? चारचौघींत लाज काढलीस माझी.” मला वाईट वाटलं, पण मी कूलर परत जोडला नाही. बायका पदरानं वारा घेत उठायला लागल्या, तेवढ्यात अंगणातला नळ फुसफुसला.

मी धावत जाऊन मोटर लावली. अख्ख्या गल्लीत तेवढी एकच मोटर घुमत होती. गच्चीवर जाऊन टाकीत डोकावले. अर्धी झाली, पाऊण झाली, आणि मग पाणी काठावरून माझ्या अंगावरच आलं. “भरली! आत्या, भरली!” मी वरून ओरडले. इतका आनंद मला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

“मोटर बंद करू नको!” आत्या खालून ओरडल्या. “पाइप सोड खाली!” मी टाकीतला पाइप ओढून गल्लीत सोडला. आत्यांनी पदर खोचून तो धरला आणि शेजारपाजारचे ड्रम, टप, घागरी एकामागून एक भरायला सुरुवात केली. शेवटचा ड्रम भरताना एकजण लाडात येऊन म्हणाली, “मावशी, आता तर कूलर लावा की.”

आत्यांनी मान वर करून गच्चीकडं बघितलं.

“नाय लागायचा,” त्या म्हणाल्या. “नव्वद झाल्याबिगर नाय. माझ्या सुनेनं बसवलंय त्ये.”